याप्य रुग्णाचा टेकू : कर्करोग, मंदावलेली चाल आणि आपले कर्तव्य

गंगापूर रोडवर गेली अठरा वर्षे चिकित्सालय चालविताना पाठदुखी व कंबरदुखीचे किती रुग्ण पाहिले, याची मोजदाद मी ठेवलेली नाही. कटिशूल, पृष्ठशूल, गृध्रसी हा आयुर्वेदाचा हक्काचा प्रांत, अशी रुग्णांची श्रद्धा असते आणि आपलाही तसाच आत्मविश्वास असतो. या आत्मविश्वासापोटी माझ्या हातून घडलेली एक चूक सांगून प्रस्तुत लेखास आरंभ करतो. रुग्णेची ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळले आहेत. चूक मात्र जशीच्या तशी ठेवली आहे.

सदर रुग्णा बासष्ट वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका. साऱ्या परिसरात त्यांना ‘बाई’ म्हणूनच ओळखतात. पाठीच्या मध्यावर तीन आठवड्यांपासून वेदना, रात्री अधिक, आडवे पडले की वाढणाऱ्या, उठून बसले की किंचित कमी होणाऱ्या. खोकला आला तरी कळ उठे. कुशीपासून पोटापर्यंत पट्टा आवळल्यासारखे वाटते, असेही त्यांनी सांगितले होते. मी वातप्रकोप गृहीत धरला. अभ्यंग, नाडीस्वेद, कटिबस्तीच्याच पद्धतीने पाठीवर तेल धारण, पोटात योगराज गुग्गुळ व महारास्नादि काढा अशी योजना केली. पाचव्या दिवशी बाईंना थोडे हलके वाटले आणि माझे समाधान झाले.

अकराव्या दिवशी सकाळी त्यांच्या मुलाचा दूरध्वनी आला. “डॉक्टर, आईला उठताच येत नाहीये. पाय लुळे पडल्यासारखे झालेत. रात्रीपासून लघवीही झालेली नाही.”

मी जुना केसपेपर काढला. तीन वर्षांपूर्वी बाई सर्दी-पडशासाठी आल्या होत्या, तेव्हाची माझ्याच अक्षरातली एक ओळ त्यावर होती : डाव्या स्तनाची शस्त्रक्रिया, पाच वर्षांपूर्वी. म्हणजे एव्हाना त्या गोष्टीस आठ वर्षे झाली होती. ती ओळ मी या खेपेस वाचलीच नव्हती. त्याच दिवशी एमआरआय झाला. कर्करोग पाठीच्या दोन मणक्यांत उतरला होता आणि मज्जारज्जूवर दाब आला होता. रात्रीच स्टेरॉइड सुरू झाले, दुसऱ्या दिवसापासून किरणोपचार. वेदना थांबल्या, लघवीवरील ताबा परत आला, पायांतील बळ मात्र अर्धेच परतले. पुढे एकदा त्या मला म्हणाल्या, “डॉक्टर, तुम्ही विचारलं नाहीत आणि मीही सांगितलं नाही. मला वाटलं, ते प्रकरण केव्हाच मिटलं.”

मणक्यातील रोग माझ्या तेलाने झाला नव्हता, हे खरे. परंतु दहा दिवस माझ्यामुळे गेले. या विकारात उपचार सुरू होतेवेळी जो रुग्ण चालत असतो, तो बहुधा पुढेही चालत राहतो. ज्याचे पाय आधीच गेलेले असतात, त्याचे पुन्हा चालणे दुर्मीळ असते. म्हणजे दहा दिवसांची किंमत रुग्णेने आपल्या पायांनी चुकवली.

आपल्या दारात रुग्ण का येतो?

एके काळी नाशिकचा कर्करुग्ण म्हणजे पंचवटी एक्स्प्रेसने दादरला उतरून परळ गाठणारा रुग्ण. तेथील टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले आणि आजही अवघड प्रसंगी आपण तिकडेच बोट दाखवितो. मात्र आता शस्त्रक्रिया, रसायनोपचार आणि किरणोपचार आपल्या शहरातही होतात. रसायनोपचाराचे बरेचसे रुग्ण सकाळी रुग्णालयात जातात आणि संध्याकाळी घरी परततात. याचा अर्थ असा की, महिन्यातील बहुसंख्य दिवस रुग्ण घरी असतो आणि तोंड आले, मळ अडला, झोप उडाली, पाय सुजला की त्याच्या नातेवाइकांना सर्वांत जवळचा दरवाजा आपला असतो. कोपऱ्यावरच्या औषधी दुकानदाराचा दरवाजा त्याहूनही जवळ. आपण कर्करोगतज्ज्ञ नाही, हे खरे असले तरी कर्करुग्णाचा पहिला प्रश्न आपल्यालाच विचारला जातो.

अशा रुग्णाकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, याचे उत्तर आपल्या संहितांत आहे. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या दहाव्या अध्यायात साध्यासाध्यत्वाचा विचार करताना याप्य व्याधीस स्वतंत्र स्थान दिले. सुश्रुतसंहितेत, सूत्रस्थानाच्या तेविसाव्या अध्यायात, याप्य रुग्णास पडू पाहणाऱ्या घराची उपमा दिली आहे. योग्य जागी लावलेला टेकू घर उभे ठेवतो, तशी योग्य चिकित्सा रुग्णास धरून ठेवते. टेकूने घर नवे होत नाही, पण त्यात माणसे राहू शकतात. पसरलेल्या कर्करोगाचे अनेक रुग्ण आज गोळ्या, इंजेक्शने व किरणोपचार यांच्या बळावर वर्षानुवर्षे जगतात. ते शब्दशः याप्य आहेत. मुख्य टेकू तज्ज्ञांनी दिलेला असतो. आपण दुसरा, लहान टेकू द्यावयाचा असतो आणि तो देताना पहिल्यास धक्का लागू द्यावयाचा नसतो.

प्रथम ओळखावयाची संकटे

स्तन, फुफ्फुस, पौरुषग्रंथी, वृक्क यांचे कर्करोग व मज्जार्बुद यांचा अस्थींशी निकटचा संबंध आहे. तेव्हा पाठदुखीच्या प्रत्येक रुग्णास, पन्नाशीनंतर तर अवश्यच, “पूर्वी कधी गाठीचे ऑपरेशन किंवा शेक झाले आहेत का?” असा सरळ प्रश्न विचारावा. ‘कॅन्सर’ हा शब्द घरात उच्चारला जात नसेल, तरी ‘गाठ’ व ‘शेक’ हे शब्द रुग्णास कळतात. उत्तर होकारार्थी असून वेदना रात्री वा आडवे पडल्यावर वाढत असतील, पट्ट्यासारख्या फिरत असतील, पायांत अशक्तता वा बधिरता असेल, मलमूत्राच्या वेगात बदल असेल, तर तेलाची वाटी बाजूस ठेवून त्याच दिवशी, चोवीस तासांच्या आत, रुग्णास तज्ज्ञाकडे पाठवावे. हालचाल कमीत कमी व्हावी म्हणून झोपवून न्यावे.

दुसरे संकट ज्वराचे. रसायनोपचारानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास श्वेतकणिका घटतात. त्या काळात १००.४ अंश फॅरनहाइट वा अधिक ताप असेल तर लंघन, काढा, पॅरासिटामोल यांत रात्र घालवू नये. हा ज्वर काही तासांत जीवघेणा होऊ शकतो.

तिसरे, एकाच पायाची सूज. कमी चालणाऱ्या कर्करुग्णात शिरेमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका मोठा असतो. अशा पायाचे मर्दन केल्यास ती सुटून फुफ्फुसात जाऊ शकते. “डॉक्टर, पाय सुजलाय, थोडं तेल चोळू का?” या प्रश्नास दूरध्वनीवरून होकार देऊ नये.

चौथे संकट फसवे आहे. अस्थिगत कर्करोगात रक्तातील कॅल्शियम वाढले की मलावष्टंभ, तृष्णा, बहुमूत्रता आणि गुंगी दिसू लागते. आपण ते अग्निमांद्य वा अशक्तपणा समजून पौष्टिक योग देत राहतो. वास्तविक तेव्हा रक्ततपासणी हवी असते.

हालचालीची चिकित्सा

बाई घरी परतल्या तेव्हा त्यांचे घर दुसऱ्या मजल्यावर आणि इमारतीस लिफ्ट नाही, अशी अवस्था होती. गंगापूर रोडच्या जुन्या तीन मजली सोसायट्यांत हे नित्याचे आहे. दर खेपेस दोघांनी खुर्चीत बसवून त्यांना खाली आणावे लागे. मी औषधांची यादी लिहावयास गेलो होतो, परंतु पहिला तास घर पाहण्यातच गेला. पलंग इतका खोल की उठताना पाठीवर ताण यावा. न्हाणीघराचा उंबरठा चार बोटे उंच. फरशी गुळगुळीत. पायात मागे पट्टा नसलेली सपाता.

तज्ज्ञांची व फिजिओथेरपिस्टची अनुमती घेऊन एकेक गोष्ट बदलली. पलंगाखाली लाकडी ठोकळे देऊन तो गुडघ्याच्या उंचीचा केला. भिंतीस धरण्याचे दांडे, न्हाणीत रबरी मॅट, बसावयास प्लास्टिकची खुर्ची, रात्रीसाठी कमोडची खुर्ची, उशाजवळ घंटा. कुशीवर वळताना खांदा व कंबर एकत्र, ओंडका वळवावा तसे वळवावे, हे मुलास व सुनेस शिकवले. पहिले काही आठवडे दर दोन तासांनी कूस बदलणे आणि माकडहाड, टाचा व कोपरे यांची रोज पाहणी. त्वचेवर दाबूनही न जाणारा लालसरपणा ही शय्याव्रणाची पहिली खूण होय. ती दिसताच त्या जागेवरचा भार काढावा. चोळू नये.

नंतर पावले. व्यायाम अर्धशक्तीने करावा, हा आपला नियम अशा रुग्णास इतका योग्य आहे की, त्यात भर घालावयास नको. पलंगाच्या कडेला बसणे, उभे राहणे, वॉकर धरून तीन पावले, मग विश्रांती. आधुनिक शास्त्रही आता याच दिशेने आले आहे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया व रसायनोपचार झालेल्या ८८९ रुग्णांचा एक आंतरराष्ट्रीय अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन वर्षे मार्गदर्शनाखाली नियमित व्यायाम करणाऱ्यांपैकी ८०.३ टक्के रुग्ण पाच वर्षांनंतर रोगमुक्त होते. केवळ माहितीपुस्तिका मिळालेल्यांत हे प्रमाण ७३.९ टक्के होते. ते रुग्ण चालते-फिरते होते, अस्थिगत रोगाचे नव्हते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. मणक्याचे बळ किती आहे हे कळल्याविना कोणतेही आसन, वाकणे वा पीळ देणे सांगू नये. परंतु ‘कॅन्सर झालाय, आता पडून राहा’ हा सल्ला बहुतेक रुग्णांसाठी चुकीचा ठरला आहे, हे निश्चित. पडून राहण्याने मांस झडते, मळ अडतो, शिरांत रक्त साकळते आणि मन खचते.

औषध देताना

आपली औषधे नैसर्गिक आहेत, म्हणून निरुपद्रवी आहेत, हे विधान आपणच आधी सोडून दिले पाहिजे. द्रव्यास कर्म असेल तर त्यास विपरीत कर्मही असू शकते. पिप्पली व मरिच यांतील पायपरीन अन्य औषधांचे शोषण व यकृतातील पचन बदलते. ज्या गुणासाठी आपण त्रिकटूचे अनुपान देतो, तोच गुण रसायनोपचाराच्या गोळीची रक्तातील मात्रा वाढवू शकतो. गुग्गुळ याच्या उलट, काही औषधांचा निचरा लवकर करू शकतो. यष्टिमधू दीर्घकाळ दिल्यास पोटॅशियम घटते व रक्तदाब वाढतो. रुग्ण स्टेरॉइडवर असेल तर हा दोष दुप्पट होतो. संप्रेरकांवर पोसणाऱ्या स्तनकर्करोगात शतावरीसारखी द्रव्ये तज्ज्ञास विचारल्याविना देऊ नयेत. गुळवेलीबाबत २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी विकृतीची नोंद प्रसिद्ध केली आणि आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला. वाद काहीही असो, रसायनोपचार घेणाऱ्याच्या यकृतावर आधीच भार असतो, तेव्हा तेथे प्रयोग नको. भस्मे व रसकल्प देण्यापूर्वी क्रिॲटिनिन पाहावे. बिंबाणू वा श्वेतकणिका घटलेल्या असताना बस्ती, वमन, रक्तमोक्षण वर्ज्य समजावे. किरणोपचाराच्या क्षेत्रावर त्या विभागास विचारल्याविना तेल वा लेप लावू नये. हाडांसाठी झोलेड्रॉनिक ॲसिडचे इंजेक्शन चालू असेल तर दात काढण्याचा सल्ला परस्पर देऊ नये, कारण जबड्याचे हाड मरण्याचा धोका असतो.

मग उरते काय? पुष्कळ उरते. वेदनेवर मॉर्फिन चालू असता मळ अडतोच. तेथे इसबगोल नको, कारण कमी पाणी पिणाऱ्या रुग्णात त्याचा गोळा बसू शकतो. सोनामुखी येथे उपयुक्त आहे आणि आधुनिक वैद्यकही तीच वापरते. मॉर्फिनची भीती घालविणे हेही आपले काम. व्यसन लागेल, या भयाने गोळी उशीखाली लपविणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. वेदनेने जखडलेला रुग्ण हालचाल करीत नाही आणि हालचाल थांबली की वरील सर्व उपद्रव सुरू होतात. २०१४ मधील कायदादुरुस्तीने अशा अत्यावश्यक औषधांची उपलब्धता सुलभ केली आहे. ती लिहून देण्याचे काम तज्ज्ञांचे, ती वेळेवर घेतली जाते की नाही हे पाहण्याचे काम आपले.

पथ्याबाबत एक कळकळीची सूचना. साखर, दूध, भात, डाळ सारे बंद करून ‘गाठ उपाशी मारावयाची’ ही कल्पना घरोघर पसरली आहे. गाठ उपाशी मरत नाही, रुग्ण मरतो. बाईंचे वजन दोन महिन्यांत सहा किलो उतरले होते, कारण कोणीतरी त्यांना केवळ रस व काढे यांवर ठेवले होते. आम्ही मऊ भात-तूप, मुगाचे कढण, ताजे पनीर, नाचणीची पेज असे थोडे थोडे, दिवसातून सहा वेळा सुरू केले. मांसाहारी रुग्णास अंडी, मासे, मटणाचे सूप सांगण्यात संकोच कशाला? मांसरसाचे बृंहणत्व आपल्याच ग्रंथांत आहे.

उपस्थाता आणि उद्दिष्ट

चरकाचार्यांनी चतुष्पादांत वैद्य, द्रव्य व रुग्ण यांच्या बरोबरीने उपस्थात्यास बसविले आणि त्याच्या ठायी उपचारांचे ज्ञान, दक्षता, अनुराग व शुचिता हे गुण अपेक्षिले. आपण मात्र सुनेस किंवा पत्नीस केवळ काढ्याची मात्रा सांगतो. बाईंची सून तीन महिन्यांनी स्वतः कंबरदुखी घेऊन माझ्याकडे आली. तिच्यासाठी आठवड्यातून दोन दुपारी दुसऱ्या माणसाची सोय करावी, हा त्या महिन्यातील माझा सर्वांत उपयोगी सल्ला ठरला. घरी निभणे अशक्य झाले तर अन्य आश्रयही आहेत. वांद्र्याचे शांती अवेदना सदन १९८६ पासून आणि पुण्यात वारजे येथील सिप्ला उपशामक केंद्र १९९७ पासून हे कार्य करीत आहे.

रुग्णास काय हवे आहे, हेही विचारले पाहिजे. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर २०१८ च्या फेब्रुवारीत आजारी पडले. स्वादुपिंडाच्या कर्करोगाशी झुंजत असतानाच ३० जानेवारी २०१९ रोजी त्यांनी नाकात नळी असतानाही विधानसभेत अर्थसंकल्प मांडला. १७ मार्च २०१९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी विश्रांती घ्यावयास हवी होती, असे म्हणणारे त्या वेळीही होते. परंतु शेवटचे दिवस कशासाठी वेचावयाचे हा निर्णय अंतिमतः रुग्णाचा असतो. वैद्याने तो ऐकावा, त्यातील धोका स्पष्ट सांगावा आणि जेवढे शक्य तेवढे सुकर करावे. बाईंचे मागणे फार लहान होते. त्यांना गॅलरीत बसून सकाळी शाळेत जाणारी मुले पाहावयाची होती. पलंगापासून गॅलरीपर्यंत सतरा पावले होती. ती चालावयास त्यांना अकरा आठवडे लागले.

औषधी दुकानदार बंधूंना

१९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या परिशिष्टात कर्करोगाचे नाव आहे. त्यावर रामबाण असल्याची जाहिरात करणे हा गुन्हा आहे. दुकानात असा फलक असेल तर काढावा. मोबाइलवरील छायाचित्र दाखवून कोणी विनालेबल पुडी वा काढा मागितल्यास, “सध्या कोणते उपचार चालू आहेत?” एवढा प्रश्न विचारूनच पुढे जावे. परवाना क्रमांक व बॅच क्रमांक नसलेले औषध देऊ नये. विक्री एक कमी होईल, पण दिलेल्या वस्तूची जबाबदारी मनावर राहणार नाही.

माझ्या चिकित्सालयात आता केसपेपरच्या पहिल्या पानावर, नावाखालीच, तांबड्या शाईत एक रकाना आहे : पूर्वीची गाठ, शस्त्रक्रिया, शेक. रुग्ण शिंकेसाठी आला तरी तो भरला जातो आणि प्रत्येक भेटीत वाचला जातो. सर्व वैद्यबंधू-भगिनींनी असा रकाना आजच आपल्या केसपेपरवर घ्यावा, ही विनंती. बाई आणखी चौदा महिने जगल्या. त्यांपैकी बारा महिने त्या रोज सकाळी गॅलरीत बसत असत.